खोलीचं सोवळं

हात्सुएच्या घरात सोवळं होतं ते एकाच खोलीचं. स्वयंपाकघरामागच्या त्या उबदार लाकडी खोलीत वाफवलेल्या तांदळावर कोजीची बुरशी पांढरी दुलई धरायची, आणि त्या तांदळावर अर्ध्या योकोते गावाचा वर्षाचा मिसो, रोजच्या सुपातलं सोयाबीनचं खारट वाटण, मुरायचा. सासूने पहिला धडा दिला तो नात्तोचा. त्या चिकट, आंबवलेल्या सोयाबीनचा जंतू आत शिरला की कोजीचं वाटोळं. तेव्हापासून हात्सुएच्या जिभेला नात्तो ठाऊक नाही. आंघोळ, धुतलेले पांढरे कपडे, खोलीबाहेरच्या भिंतीवरच्या देवापुढे दोन टाळ्या, मगच आत पाऊल.

नवरा गेल्यापासून तिचं मागणं एकच: मिसाओ परत येऊ दे, ही खोली तिच्या हाती जाऊ दे. मुलगी मिसाओ सेंदाई शहरातल्या एका प्रयोगशाळेत होती, आणि कामही कोजीचंच होतं. कुठल्याशा झाडाच्या सालीत एक औषध असतं; त्या झाडाची जनुकं कोजीत घालून ते औषध तिच्याकडून करवून घ्यायचं. बापाच्या दुखण्यात तेच औषध वेळेवर मिळालं नव्हतं. झाड सावकाश वाढतं, साल थोडी निघते. हात्सुएला मुलीचं काम पटायचं आणि टोचायचंही. नणंद तोकिए तर टोमणा सोडायची नाही, "वहिनी, तुमची कोजी सासरी जाऊन डॉक्टरीण झाली हो."

यंदा ऐन फेब्रुवारीत हात्सुए दारच्या बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. खोलीत नुकतंच कोजीचं बी टाकलेला तांदूळ पसरलेला. दुसऱ्या दिवशी तो तापणार, आणि दोन्ही हातांनी मोकळा करून उलटला नाही तर स्वतःच्याच उष्णतेने नासणार. तोकिए धावत आली, पण उंबऱ्यातच थांबून म्हणाली, सकाळीच नात्तो खाल्लंय मी. शेजारीपाजारी विचारावं तर तीच रड. शेवटी हात्सुएने मुलीला फोन केला. मनगट ठणकत होतं, तरी तिने देवाचे आभार मानले. या निमित्ताने का होईना, पोर खोलीत तरी येईल.

मिसाओ आली. आंघोळही केली. आईने काढून ठेवलेल्या पांढऱ्या कपड्यांची घडी मात्र तिने मोडली नाही. ती खोलीच्या दाराशी थांबली.

"आई, मी आत नाही येणार."

"का गं? नात्तो खाल्लंस?"

"तेवढंच असतं तर बरं होतं. इतकी वर्षं माझे हात त्या बदललेल्या कोजीत आहेत. तिथून काही बाहेर येऊ नये म्हणून आम्ही सगळं करतो, येतही नसेल. पण एखादा कण केसांत राहिला आणि इथे रुजला, तर? लोकांच्या मिसोत गेला, तर मी काय सांगू?"

"तांदूळ नासेल, मिसाओ."

"नासू दे. शंका असेल तर आत यायचं नाही, हे तूच शिकवलंस."

हात्सुएला राग आला, आणि तो कुठे काढावा ते कळेना. आज नाही म्हणजे मुलगी ते काम करते आहे तोवर कधीच नाही. मग सोड ते काम, हे शब्द ओठांवर आले होते. नवऱ्याचा फोटो समोर होता. तिने ते गिळले.

ती एकटीच आत गेली. डाव्या हाताने उलटत राहिली. बाहेरून मिसाओ सांगत होती, मधला भाग आधी घे, कडा राहू दे. हात्सुएने मधला भाग आधी घेतला. तरी निम्मा तांदूळ गेला. तो तपकिरी पडला, आंबूस वासाचा झाला. तोकिएने नाक दाबून तो मागच्या बर्फात टाकला. कोणाकोणाला यंदा नाही म्हणायचं, हा घोर हात्सुएच्या जिवाला लागला.

वाचलेल्यातली पहिली मूठ तिने देवापुढे ठेवली आणि मग लक्षात आलं, टाळी वाजवायची कशी? ती तशीच उभी राहिली. इतक्यात पाठीमागून दोन टाळ्या ऐकू आल्या. मिसाओ होती, तिच्या मागे, हात जोडलेले.

हात्सुएने डोळे मिटले. नेहमीचं मागणं ओठांपर्यंत आलं. पण टाळ्या लेकीच्या, आणि मागायचं तिचं काम सुटावं म्हणून? काही न मागता तिने मान वाकवली.