जावामागचा पलंग

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लुबोर हा माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे बोलणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटायचं नाही. पितो बेताची. ब्लाझेनावर कधी आवाज चढवत नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढतो. फक्त एक खोड आहे. हातात घेतलेलं काम तो सोडत नाही आणि संपवतही नाही. सुधारत बसतो.

पीसेक गावात आम्ही एकाच घरात राहतो. खाली ती दोघं, वर मी एकटी. त्यामुळे अंगणातल्या शेडमधली सगळी ठोकाठोक सात वर्षं माझ्याच खिडकीखाली झाली. त्याचं सुख मला विचारा.

त्याच्या आधी दर उन्हाळ्यात ही दोघं जावा मोटरसायकलवर तंबू बांधून निघायची. एक पातेलं, दोन पांघरुणं, बस्स. ब्लाझेना मागे बसायची, त्याच्या जाकिटाच्या खिशांत दोन्ही हात घालून. परत यायची ती रापलेली, केसांत गवताच्या काड्या, आणि पुढे आठवडाभर जिना पुसतानासुद्धा गुणगुणत असायची. मग पावाच्या दुकानात उभं राहून राहून तिची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, यापुढे जमिनीवर झोपायचं नाही. झालं, तंबू माळ्यावर गेला.

तेव्हा लुबोर म्हणाला, "मी तुला चाकांवरचा पलंग करतो. जावाच्या मागे जोडायचा. वरून झाकण, उघडलं की खोली. पुढच्या उन्हाळ्यात लिप्नोच्या तलावावर."

पुढचा उन्हाळा म्हणजे नक्की कुठला, ते तो बोलला नव्हता.

आमच्याकडच्या पुरुषांना एक रोगच आहे. वस्तू विकत आणली असं सांगायची त्यांना लाज वाटते. स्वतःच्या हातांनी केली म्हटलं की छाती फुगते, मग ती गळकी का असेना. लुबोरनं सांगाड्याला दवाखान्यातून मोडीत निघालेल्या खाटांचे पाइप आणले. चाकं कुठल्या तरी स्कूटरची. भिंतींना शाळेतल्या बाकांच्या फळ्या, त्यांतल्या एकीवर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चिन्ह अजून दिसतं. खिडकी कशाची, तर जुन्या वॉशिंग मशीनच्या दाराची, गोल, जाड काचेची. एके दिवशी माझी इस्त्रीची फळी सापडेना. शेडमध्ये गेले तर तिला बिजागऱ्या बसवून झाल्या होत्या.

"अरे मेल्या, ती माझी फळी!"

"ताई, तुम्ही इस्त्री करता तरी किती?" तो डोकंही वर न करता म्हणाला. "हे जेवणाचं टेबल आहे. बघा कसं मिटतं."

मिटत होतं छान, ते खोटं कशाला बोलू. पण मी वर्षभर जेवणाच्या टेबलावर इस्त्री केली.

तिसऱ्या वर्षी गाडी खरं म्हणजे तयार होती. पलंग होता, झाकण होतं, चाकं फिरत होती. ब्लाझेनानं पिशव्यासुद्धा काढल्या. पण लुबोर बिअर प्यायला गेला असताना कुणीतरी त्याला विचारलं, पाऊस लागला तर स्वयंपाक कुठे करणार? संपलं. त्या उन्हाळ्यात चुलीची सोय झाली. मग चूल आली म्हणून पाण्याची टाकी, टाकी आली म्हणून मोरी, मोरी आली म्हणून कपाटं. लोणच्याच्या बरण्या हलू नयेत म्हणून प्रत्येक बरणीला लाकडाचा वेगळा खण. पाचव्या वर्षी शेजारच्या वोंद्राचेकनं दुकानातून तंबूची तयार गाडी आणली आणि बिचारा आपणहून म्हणाला, "लुबोर, दोन आठवडे ने आमची. बायकोला फिरवून आण." लुबोर त्या गाडीभोवती फिरला, पत्र्यावर बोटानं टकटक केली आणि म्हणाला, "विकतची आहे." एवढंच. वोंद्राचेकनं पुढे महिनाभर आम्हाला नमस्कार केला नाही.

ब्लाझेना मात्र गप्प. मी तिला कितीदा म्हटलं, "अगं, भांड ना जरा त्याच्याशी!" तर म्हणायची, "ताई, तो माझ्यासाठीच करतोय." मला असा संताप यायचा! दर संध्याकाळी हा खाली कानस घासतोय आणि ही वर माझ्या स्वयंपाकघरात येऊन खिडकीतून त्याची पाठ बघत बसलीय.

या वर्षी मे महिन्यात ती जेवताना बोलली. आवाज न चढवता. "लुबोर, युनियनच्या विश्रामगृहात जुलैत दोन खाटा मिळतायत. या जुलैत आपण दोघं निघालो तर निघालो. नाहीतर मी ताईबरोबर जाईन. या वर्षी आणि इथून पुढे दर वर्षी. मग तुझी गाडी सावकाश होऊ दे."

लुबोरच्या हातातला चमचा तसाच राहिला. मला वाटलं होतं, वाद घालेल. त्यानं फक्त मान हलवली, आणि जून संपायच्या आत गाडी शेडबाहेर काढून पिवळी रंगवली. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर तिला जावामागे जोडून चार-पाच वेळा एकटाच हिंडून आला आणि सांगत सुटला, "लोण्यासारखी चालते."

निघायचा दिवस शुक्रवार. शुक्रवारी दुपारी आमचा अख्खा देश आपापल्या रानातल्या खोपटाकडे सुटतो, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मी माझी जुनी स्कोडा काढली आणि त्यांच्यामागून निघाले. मला लिप्नोला काही काम नव्हतं. पण त्या पिवळ्या पेटाऱ्यावर माझा विश्वास नव्हता, आणि बहीण माझी होती.

नेतोलित्से गावापर्यंत सगळं ठीक. ब्लाझेना मागे बसलेली, हात त्याच्या जाकिटाच्या खिशांत. एकदा मान वळवून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. पुढे रस्ता झाडीत शिरला आणि चढ लागला. जावाचा आवाज आधी चढला, मग घोगरा झाला, मग निळा धूर, आणि अर्ध्या चढावर गाडी थांबली. थांबली ती मागे घसरायला लागली. ब्लाझेना उडी मारून उतरली, मी माझी गाडी कडेला घातली आणि धावत जाऊन चाकाखाली दगड लावला. लुबोर घामानं निथळत होता.

आता कुणी म्हणेल, मागून एवढ्या गाड्या येत होत्या, कुणीतरी मदत केली असेल. केली ना! सहा गाड्या थांबल्या, सहा पुरुष उतरले, आणि सहाही जणांनी गाडीखाली डोकी घातली.

"काय सुरेख जोड केलाय हो! स्वतः केलात?"

"खिडकी वॉशिंग मशीनची वाटतं?"

"मी असतो तर चाकांचा आस थोडा पुढे घेतला असता."

"पुढे? वेडे की काय? मागे घ्यायला हवा!"

आणि आमचा दीडशहाणा, बायको रस्त्याच्या कडेला उभी असताना, झाकण उघडून त्यांना बरण्यांचे खण दाखवत होता! माझं डोकं भणभणलं. मी ओरडले, "लुबोर! चढायचं कसं ते बोल आधी!"

"सोपं आहे ताई," तो म्हणाला. "ब्लाझेना, चढापुरती ताईंच्या गाडीत बस. वर गेलं की ये परत मागे."

टोपी घातलेला एक जण म्हणाला, "पण साहेब, इथून लिप्नोपर्यंत चढच चढ आहेत."

"बरं, मग लिप्नोपर्यंत बस गाडीत," लुबोर म्हणाला. इतक्या सहज, जशी एखादी पिशवी इकडून तिकडे ठेवायची होती.

मी विचारलं, "तू तर चमच्यांचंसुद्धा वजन करून ठेवलं होतंस ना रे? मग असं झालंच कसं?"

"तेच मला कळत नाही," तो खरंच गोंधळला होता. "सांगाडा, पलंग, कपाटं, भरलेली टाकी, बरण्या, सगळं धरलंय. एवढं ओढायलाच हवं. नदीकाठी ओढत होती की."

"आणि ब्लाझेना?"

"ब्लाझेनाचं काय?"

"ती मागे बसते ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. सात वर्षं त्यानं तिच्या कंबरेसाठी गादीतला एकेक स्प्रिंग दाबून पाहिला होता, आणि मोटरसायकलवर मागे कोण बसणार ते धरायचं विसरला होता.

ब्लाझेनानं पेटाऱ्यातून आपली पिशवी काढली, माझ्या स्कोडाशी गेली, आत बसली आणि दार लावून घेतलं. मी मागोमाग गेले. ती म्हणाली, "ताई, गाडी वळव. घरी जाऊ."

मी किल्ली लावली. खोटं सांगत नाही, मला आनंदच झाला होता. एकदाचं संपलं, बहीण माझ्याबरोबर विश्रामगृहात येईल, दोघी मजेत राहू. तेवढ्यात लुबोर खिडकीशी आला.

"रागावलीस?"

"नाही. तू जा लिप्नोला. तुझा पलंग घेऊन जा आणि नीट झोप त्यावर."

"अगं, तो तुझ्यासाठी केलाय."

"माझ्यासाठी?" तिचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता. "मला काय हवं होतं ते एकदा तरी विचारलंस? मला तुझ्यामागे बसायचं होतं रे! झोपायचं काय, मी कुठल्याही बाकावर झोपले असते. मला तुझ्यामागे बसून हिंडायचं होतं, आणि तू सात वर्षं शेडमध्ये पाठ करून बसलास!"

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी किल्ली फिरवणार, इतक्यात तो म्हणाला, "किती आहे?"

"काय किती आहे?"

"वजन. तुझं."

सहा परके पुरुष ऐकत होते. माझ्या बहिणीचे कान लालभडक झाले. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देणार. पण तिनं काच पूर्ण खाली केली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "एकोणऐंशी किलो."

"कपड्यांसकट?"

"कपड्यांसकट!"

त्यानं मान हलवली, परत गेला आणि पेचकस काढला. आधी चूल निघाली. मग मोरी. टाकीतलं पाणी त्यानं रस्त्याकडेच्या चरात सोडून दिलं. ते सहा जण हळहळत होते, "अहो, कपाट नका काढू, किती बेमालूम बसलंय!" पण तो ऐकेना, तेव्हा त्यांनाही चेव चढला. प्रत्येक वस्तू हातात तोलून वाद घालायला लागले.

"हे सहा किलो."

"छे, पाच. मी खाटीक आहे, मला सांगू नका."

"साहेब, त्या बाईंनी किती सांगितलं? एकोणऐंशी ना? अजून पुष्कळ राहिलंय."

ब्लाझेना गाडीतून उतरून दाराला टेकून उभी होती. बरण्या निघाल्या, खणांच्या फळ्या निघाल्या, माझी इस्त्रीची फळी बिजागऱ्यांसकट गवतात पडली. कधी नव्हे ते त्याचे हात भराभर चालत होते. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्या पेटाऱ्याला सात वर्षं शिव्या घातल्यात, पण तो असा उघडा पडताना बघून मीच तोंड फिरवलं. शेवटी आत नुसता पलंग राहिला.

खाटकानं हिशेब केला. "अजून आठ-दहा किलो."

काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त हत्यारांची लोखंडी पेटी. आता, हत्यारांशिवाय हा माणूस कोपऱ्यावर पाव आणायलाही मोटरसायकल काढत नाही. सहाही जण त्या पेटीकडे बघत होते आणि कुणीच काही सुचवत नव्हतं. तसं दुसऱ्या माणसाला सांगायची आमच्या पुरुषांची छातीच होत नाही.

लुबोरनं पेचकस पुसला, पेटीत ठेवला, पेटीला कडी घातली, दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, ही तेवढी धरा."

"अरे, वाटेत काही मोडलं म्हणजे?"

"मग मोडलं."

ब्लाझेनानं शिरस्त्राण डोक्यावर चढवलं. त्याच्यामागे बसली. सहा जणांनी मागून जोर लावायची तयारी केली, पण लावावा लागला नाही. जावा कुरकुरली, गुरगुरली आणि निघाली. पहिल्या वळणाशी तिचे हात त्याच्या खिशांत गेलेले मला दिसले, आणि मग झाडं आडवी आली.

आणि मी? मी त्या चढावर, हातात मणभर लोखंड, भोवती मोरी, चूल, कपाटं आणि एकोणऐंशी किलोंचा पसारा. मला इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते सहा जण अवघडून टोप्या कुरवाळत उभे होते.

"बघताय काय?" मी खेकसले. "उचला ती कपाटं! आणि जपून, माझ्या मेव्हण्यानं स्वतःच्या हातांनी केलीत."