आईची पाठ आणि मागची चाकं

हितेंद्र घाडींची गाडी गावी निघणार, ही बातमी घोडपदेवच्या त्या चाळीत कुणी कुणाला सांगावी लागत नसे. कणकवलीच्या अलीकडचं त्यांचं गाव, आणि त्या गावची निम्मी माणसं याच चाळीत नाहीतर शेजारच्या गल्ल्यांत राहणारी. निघायच्या आदल्या संध्याकाळी घाडींच्या दारात पिशव्या येऊन बसत. कुणाच्या आईची औषधं, कुणाचा दुरुस्त केलेला मिक्सर, देवळाची घासूनपुसून चकचकीत केलेली समई. परतताना तांदूळ, नारळ, कुळथाचं पीठ. घाडींची गाडी म्हणजे गावची गाडी, असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला हितेंद्रलाही बरं वाटे. माझगावच्या एका गोदामात माल उतरवून घेण्यात त्याचा जन्म गेला होता. समोर आलेलं सामान नाकारायचं त्याला ठाऊकच नव्हतं.

गाडी मात्र जुनी होती. डिकी भरली आणि मागे तिघं बसली, की खड्ड्यात तिचं बूड रस्त्याला घासायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी हितेंद्रने मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत जाड रबरी बफर बसवून घेतले होते. तेव्हापासून कितीही सामान भरा, गाडी मागून खाली बसत नव्हती. जराशी उसळायची, पण सामानाला काय कळतं.

त्या हिवाळ्यात मात्र मागच्या सीटवर सामान बसणार नव्हतं, आई बसणार होती.

रमाबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या पाठीचा एक मणका दबला. कितीतरी दिवस त्या खाटेवर होत्या. आता कुठे कमरेला पट्टा बांधून गॅलरीपर्यंत जाऊ लागल्या होत्या, तेवढ्यात गावाहून फोन आला. त्यांचा थोरला भाऊ गणपत याने अन्न सोडलं होतं. नव्वदीचा म्हातारा, कानाने ठार बहिरा, त्यामुळे फोनवर बोलण्याची सोय नव्हती. दारात कुणाची सावली हलल्यासारखी वाटली की तो एकच विचारायचा, रमा इली काय?

परळच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "प्रवास टाळता येईल?"

"नाही," हितेंद्र म्हणाला.

"मग आगगाडीने नको. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबणार, त्यात यांना उतरवणार कसं? मोटारीने न्या. मागच्या सीटवर उशा लावून अर्धवट आडवं ठेवा, वरचेवर थांबा. आणि हादरा बसू देऊ नका. जोराचा एक हादरा बसला तर हा मणका आणखी दबेल. मग त्या पुन्हा चालतील असं मी सांगू शकणार नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हितेंद्रला रस्त्यातला प्रत्येक खड्डा वेगळा दिसू लागला.

काळाचौकीच्या विकासने गाडी जॅकवर चढवून पाहिली. विकास गावचाच, शाळेत हितेंद्रच्या दोन वर्षं मागे. चारही शॉकअप संपले होते. चाकाला बसलेला धक्का जिरवणारी ती नळकांडी तेल गळून आतून कोरडी पडली होती. पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या आर्मचे रबरी बुशही चिरले होते.

"सामान तू आण," विकास म्हणाला. "मी आणलं आणि उद्या काय झालं, तर जन्मभर माझं नाव घेशील."

गिरगावात ऑपेरा हाऊसकडच्या दुकानात शेठने तीन प्रकारचे शॉकअप काउंटरवर मांडले. एक स्वस्त, एक गाडीत मूळ असतात तसे तेलाचे, एक गॅसचे. "गॅसवाला लो साहेब. घाट में गाडी एकदम चिपक के चलेगी."

"मला नरम हवाय. आईची पाठ दुखावलीय."

शेठने गॅसचा शॉकअप मुकाट बाजूला सारला. "तो ये ओरिजिनलवाला लो. लेकिन एक बात सुनो. शॉकअप गाडी को झूलने नहीं देता, बस. नरम-कडक सब स्प्रिंग का खेल है. स्प्रिंग तो ठीक है ना?"

"ठीक आहे," हितेंद्र म्हणाला. बफरचं नाव त्याच्या तोंडात आलं होतं, ते त्याने गिळलं. खोकं काखेत घेऊन तो बाहेर पडला, आणि ट्रॅफिक सिग्नलपाशी उभा राहून पुन्हा विचार करू लागला. गॅसचे बरे होते का? सील नीट पाहिलं का? खोकं उघडून त्याने सील पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी विकासला फोन लावला.

"मूळचेच घेतलेस ना? मग ये आता," विकास म्हणाला. "तिथे उभा राहून पूजा नको करू."

दुसऱ्या दिवशी काम झालं. बुशचे बोल्ट विकासने अर्धेच आवळले आणि गाडी जमिनीवर उतरवली. गाडी हवेत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. आवळायचे ते गाडीवर नेहमीचं वजन असताना. त्यासाठी त्याने हितेंद्रची बायको रश्मी आणि वाटेने चाललेल्या मासळीवाल्या गंगुबाई अशा दोघींना आत बसवलं.

"खंय नेतास आमका?" मांडीवर पाटी सावरत गंगुबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही मावशी. नुसतं बसायचं," गाडीखालून विकासचा आवाज आला.

"मगे भाडा कोण देतला? मी का तू?"

रश्मीला हसू आवरेना. हितेंद्र हसला नाही. तो वाकून विकासचा पाना बघत होता.

मग चाचणी. आईच्या जागी रश्मी उशा लावून आडवी झाली. पुढे विकास बसला. काळाचौकीतून चिंचपोकळीच्या पुलाकडे हितेंद्रने गाडी नेली. पुढची चाकं खड्ड्यात अलगद उतरत होती, अलगद चढत होती. त्याच्या खांद्यांवरचा ताण जरा सैल झाला. तेवढ्यात एक गतिरोधक आला. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि मागून रश्मीचा आवाज आला.

"अहो, थांबा."

त्याने गाडी कडेला घेतली. रश्मी उठून बसली होती, एक हात कमरेवर. "पुढे छान आहे. मागून लाथ बसते. माझी पाठ धड आहे म्हणून ठीक, आईंना नाही चालायचं."

विकासने मागे वळून पाहिलं नाही. "बफर," तो म्हणाला.

"माहितीय."

"काढले तर नरम होईल. पण मग मागे आई आणि वहिनी, डिकीत चार कपडे. एवढंच. नेहमीसारखी भरलीस तर स्प्रिंग तळाला टेकणार, आणि तो दणका आत्ताच्यापेक्षा वाईट." थोडं थांबून तो म्हणाला, "माझ्या सासूचा मिक्सरपण तुझ्याच गाडीतून जाणार होता."

हितेंद्र स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. शेठने विचारलं तेव्हापासून त्याला हे ठाऊक होतं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

"काढ," तो म्हणाला.

बफर काढल्यावर गाडी मागून चांगलीच खाली बसली. पुन्हा त्याच रस्त्याने फेरी झाली. "पाळणा नाही म्हणता येणार," रश्मी म्हणाली, "पण लाथ गेली."

घरी आला तर खाटेखाली पिशव्या होत्या. सात-आठ तरी असतील, आणि एक पत्र्याचा डबा. रमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"हे कोणी घेतलं?"

"मी घेतलंय. लोक इले, मी नाय म्हणू?"

"आई, गाडीत सामान न्यायचं नाही. मागे वजन झालं तर तुला धक्का बसणार."

"पिशयेचा वजन ता केवढा? आणि मी काय काचेचा भांडा आसंय?" त्यांनी पट्टा चाचपला. "गाडी आपली रिकामी जातली? भावाक भेटाक चाललंय, गाववाल्यांची तोंडा चुकवन?"

"तोंडं मी बघतो."

"तू?" रमाबाई म्हणाल्या, आणि मुलाकडे बघत राहिल्या.

हितेंद्रने पिशव्या उचलल्या आणि एकेक दार वाजवलं. काहींनी समजून घेतलं. काहींनी समजल्यासारखं केलं. पिशवी परत घेणारे हात किती तुटक होतात ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी तळमजल्यावरचे शामराव. त्यांच्या पिशवीत गावी राहणाऱ्या बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

"गोळ्या आहेत रे, लोखंड नाही," शामराव म्हणाले. "का गाडीला नवे पार्ट टाकले म्हणून गाववाले जड झाले?"

गोळ्या खिशातही मावल्या असत्या. पण हितेंद्रच्या मागे ओट्यावर चारजण ऐकत उभे होते. एक पाकीट घेतलं की समई आली, समई आली की मिक्सर आला. हितेंद्रला स्वतःचा भरवसा नव्हता.

"काका, मी आत्ता परळ डेपोत जातो आणि रात्रीच्या एसटीने गावचं कोणी जात असेल त्याच्याकडे देतो. गाडीतून काही नेणार नाही."

शामरावांनी हातात घेतलेली पिशवी पुन्हा त्याला दिली आणि दार लावून घेतलं. डेपोतून परतल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

पहाटे निघाले. चाळीतून निरोप द्यायला फारसं कुणी आलं नाही. मागे रमाबाई उशांच्या रांगेत, त्यांच्या पायांशी अंग चोरून रश्मी. डिकीत कपड्यांची एक बॅग आणि पाण्याच्या बाटल्या. लालबागपासून पनवेलपर्यंत रस्ता बरा होता. पुढे महामार्गाचं काम चाललेलं, आणि मग रस्ता म्हणजे नुसतीच ठिगळं. रस्ता फारच खराब असेल तिथे हितेंद्र माणसाच्या चालीने गाडी चालवत होता. ट्रकवाले शिव्या देऊन पुढे जात होते. आरशात तो रस्त्यापेक्षा आईचं तोंड जास्त बघत होता, आणि त्या एका नजरेत पुढचा खड्डा त्याला दिसला नाही.

गाडीला दणका फारसा बसला नाही. नवे शॉकअप, मोकळे स्प्रिंग, सगळ्यांनी आपापलं काम केलं. तरी रमाबाईंच्या तोंडून आवाज निघाला, आणि नंतर बराच वेळ त्यांना श्वास नीट घेता येईना. हितेंद्रने गाडी झाडाखाली थांबवली, मागचं दार उघडलं. रश्मीने सासूच्या पाठीखालची उशी सारखी केली.

"पाय हलवून बघ, आई."

त्यांनी अंगठा हलवला. मग दुसरा.

"मघाशी एक हॉस्पिटल लागलं होतं. फिरवतो गाडी."

रमाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "खंय इलो आपण?"

"कोलाड गेलं. अर्ध्यापेक्षा कमीच."

"फिरवलंस तर ह्योच रस्तो लागतलो ना?"

त्याने मागे वळून आलेल्या रस्त्याच्या ठिगळांकडे पाहिलं.

"मगे मागे गेलो तरी दुखतलाच, पुढे गेलो तरी दुखतलाच. तिकडे माजो भाव आसा." त्यांनी रश्मीचा हात घट्ट धरला. "आणि तू माझ्याकडे नको बघू. रस्त्याकडे बघ. आणि जरा वेगान ने, काळोख पडाच्या आधी पोचूक होया."

हितेंद्र पुढे येऊन बसला. मागचा आरसा त्याने वळवून छताकडे केला. समोर उन्हात खडी पसरलेली होती, त्यातून एकच चाकोरी जरा घट्ट झालेली दिसत होती. त्या चाकोरीत त्याने पुढचं डावं चाक घातलं, आणि मागून काही आवाज येतो का ते ऐकत गाडी पुढे काढली.