शिरीषला सेंटर केलं तेव्हा

आमच्याकडे कुणी जेवायला आलं की पानं वाढायच्या आधीच फर्माईश होते, "वहिनी, ते सेंटरचं सांगा ना!" मग एक किस्सा सांगावा तर त्याच्यामागून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा, आणि भात गार होतो. गंमत म्हणजे हे सगळं घडत होतं तेव्हा मला एकदाही हसू आलं नव्हतं.

आधी थोडं सांगते, नाहीतर गोंधळ होईल. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे. अमेरिकन! चेंडू लांबट, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर उशा बांधल्यासारखी पॅड्स. दोहात हौशी लोकांची एक टीम दर शुक्रवारी संध्याकाळी जमते. माझा नवरा शिरीष त्यात लाइनमन आहे. वय चव्वेचाळीस, वजन एकशे बारा, मूळचा नाशिकचा, पाइपिंग इंजिनियर. लाइनमनचं काम एकच. समोरच्याला अडवायचं. चेंडूशी संबंध नाही.

मीही जाते. शाळेत लायब्ररी सांभाळता सांभाळता मी फर्स्ट एडचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर बर्फ, पाणी आणि पट्ट्या माझ्याकडे आल्या.

* * *

अडवणाऱ्यांच्या रांगेला लाइन म्हणतात, तिच्या मधोमध जो असतो तो सेंटर. तो वाकतो, गवतावरचा चेंडू धरतो आणि इशारा आला की दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे देतो. याला म्हणतात स्नॅप. तो झाल्याशिवाय काही सुरूच होत नाही. आमचा सेंटर कॅनडाचा होता, त्याची एकाएकी बदली झाली. मॅच पाच आठवड्यांवर!

आमचे कोच डेल, एका शाळेतले पी.टी.चे मास्तर. बोलले तर दोन मैदानं पलीकडे ऐकू जातं. त्यांनी लाइनवरून नजर फिरवली. सगळ्यांनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. शिरीष बिचारा पाणी पीत होता.

"शिरीष! यू!"

"व्हाय मी?"

"बिकॉज यू शो अप!"

दर शुक्रवारी न चुकता येतो, एवढाच त्याचा गुन्हा.

घरी आल्यावर अर्धी पोळी खाऊन उठला. मी म्हटलं, "अरे, एवढं काय? वाकायचं आणि चेंडू द्यायचा."

"तुला कळत नाहीये. मी या खेळात इतकी वर्षं का टिकलो? कारण मला कुणी चेंडू देत नव्हतं!"

* * *

मग घरी प्रॅक्टिस. अबू हमूरला आमच्या कंपाउंडमध्ये व्हिलांच्या मधे एक छोटी गल्ली आहे. ऑफिसातून आला की चहा घेऊन तिथे. शिरीष वाकणार, मी पाच पावलं मागे हात पुढे करून उभी राहणार आणि ओरडणार, "हट!"

पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा शेजाऱ्यांच्या गाडीखाली. तिसरा थेट माझ्या गुडघ्यावर. आमची ईरा बारा वर्षांची, ती पायरीवर बसून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ बॉल!"

बाबाने तळहात पॅन्टला पुसले आणि पुन्हा वाकला. मी गुडघा चोळला आणि पुन्हा ओरडले, "हट!"

चौथ्या दिवशी कंपाउंडचा नेपाळी वॉचमन दारात आला. हातात बामची बाटली. अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बुरा मत मानना. रोज शाम को देखता हूँ. सर झुकते हैं, आप पीछे से चिल्लाती हैं, फिर भी सर सीधे नहीं होते. ये गाँव का है. दो दिन में आराम!"

* * *

आमचा क्वार्टरबॅक करीम. इजिप्तचा, सडपातळ, हसतमुख आणि दातांचा डॉक्टर. म्हणजे ज्या बोटांवर त्याचं पोट, त्याच बोटांवर शिरीषने चेंडू फेकायचा!

व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच शुक्रवारी चेंडू वेडावाकडा गेला आणि करीमची करंगळी टम्म सुजली. मी बर्फ धरला, पट्टी बांधली. शिरीष शेजारी उभा, चेहरा चुन्यासारखा पांढरा. करीम म्हणाला, "नो प्रॉब्लेम. या बोटाला क्लिनिकमध्ये फारसं काम नसतं."

खरा प्रॉब्लेम पुढेच होता. मंगळवारी शिरीषची रूट कॅनालची अपॉइंटमेंट होती. करीमकडेच! महिन्यापूर्वी घेतलेली.

"मी नाही जाणार," शिरीष म्हणाला. "दाढ दुखतच नाहीये."

गाल तर सुजून लिंबाएवढा झाला होता. मी हाताला धरून नेला. खुर्चीत झोपवलं, तोंडात कापूस, नळी, ड्रिल. करीमने पट्टी बांधलेली करंगळी बाजूला काढली आणि शांतपणे सुरुवात केली, "हं, तर आता तुझ्या स्नॅपविषयी बोलू."

चाळीस मिनिटं बोलला. मनगट कुठे वळतं, ढुंगण किती वर येतं, मान खाली घालून तू मला कसा बघतोस... शिरीष नुसता "आँ, आँ!"

घरी येताना मला एकच वाटत होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, ही युक्ती मला कधीच कशी सुचली नाही!

* * *

सेंटरला आणखी एक काम असतं. समोरचे कुठून येतायत ते बघून आपल्या लाइनला डावीकडे की उजवीकडे ते ओरडून सांगायचं. घाबरला की शिरीषचं लेफ्ट-राइट उलटं होतं. "लेफ्ट! नो, राइट! सॉरी, लेफ्ट!" तोवर समोरचे करीमच्या अंगावर.

त्याच्या शेजारी खेळायचा संभाजी. साताऱ्याकडचा, शिरीषच्याच साइटवर रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधणारा. राहायला बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत. गावाकडे कबड्डीत नाव काढलेला गडी. शिरीषनेच त्याला टीममध्ये आणला होता. तो एकदा वैतागून म्हणाला, "सायेब, मराठीत सांगा की! विंग्रजीत तुमी माझ्यापेक्षा जास्त घाबरताय."

आणि चमत्कार झाला. मराठीत शिरीष एकदाही चुकला नाही. जॉर्डनचा एक आणि सर्बियाचा एक गडी, दोघांनीही पाठ केलं. "दावीकद" आणि "उजीकद". कोच खूश. समोरच्यांना एक अक्षर कळणार नाही!

एका सराव सामन्यात हे पहिल्यांदा वापरलं. शिरीष जोरात ओरडला, "डावीकडे!" समोरचा एक दांडगा नेमका तिकडून हलला आणि दुसरीकडून घुसला. पुन्हा "उजवीकडे!" तो पुन्हा उलट्या बाजूने. तिसऱ्या वेळी त्याने हेल्मेटच्या जाळीतून शिरीषकडे पाहिलं आणि म्हणाला,

"काका, जरा हळू बोला. सगळं ऐकू येतंय."

पोरगं निघालं जळगावचं!

* * *

कोचचं फर्मान निघालं, चेंडू सतत जवळ ठेव. हाताला त्याची सवय झाली पाहिजे. शिरीष आज्ञाधारक. चेंडू गाडीत, चेंडू टीव्हीसमोर, चेंडू लुलू सुपरमार्केटात भाजी घेताना ट्रॉलीत.

त्यात आमच्या ओळखीच्या कुलकर्ण्यांकडे सत्यनारायण आला. मी म्हटलं, "निदान आज तरी ठेव घरी." नाही! झब्बा घालून काखेत चेंडू. दारात कुलकर्ण्यांच्या पुण्याहून आलेल्या आई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांनी शिरीषच्या हातातून चेंडू घेतला, दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "केवढा मोठा नारळ आणलात हो! इथे मिळतो असा?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी त्याला हळदकुंकू लावून चौरंगाशी ठेवूनही दिला. कथा संपेपर्यंत काढायची कुणाची छाती झाली नाही.

शिरीषने ते कुंकू पुसलं नाही. शुक्रवारी कोचनी विचारलं, "व्हॉट्स दिस रेड थिंग?"

शिरीष गंभीरपणे म्हणाला, "इन्शुरन्स."

* * *

हा पुढचा किस्सा मी पाहुण्यांना सहसा सांगत नाही.

त्याच दिवसांत शिरीषच्या ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. प्रोजेक्ट संपत आलं होतं. इथे नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही. व्हिसा, घर, ईराची शाळा, सगळंच गुंडाळायचं. आम्ही त्याविषयी बोलत नव्हतो. फक्त मी नवीन काही विकत घेणं थांबवलं होतं, आणि ते त्याला कळलं होतं.

एका संध्याकाळी तो घरी आला, गाडी लावली, पण आत येईना. मी बाहेर गेले. गाडीत बसून चेंडू हातात फिरवत होता.

"उद्या मॅनेजरनी बोलावलंय."

मी शेजारच्या सीटवर बसले. म्हटलं, "चल, थोडे स्नॅप टाकू."

"त्याने काय होणार?"

"काही नाही. पण ते वाईट गेले तर पुन्हा टाकता येतात."

त्या संध्याकाळी त्याने शंभर टाकले असतील. माझ्या तळव्यांची सालं निघाली. एकही चेंडू खाली पडला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन आला. मी लायब्ररीत मुलांना गप्प करत होते, फोन घेऊन कपाटांच्या आड गेले.

"राहिलो," तो म्हणाला. मग, "पण मॅथ्यूची नोकरी गेली."

मॅथ्यू त्याच्या शेजारच्या टेबलावरचा. नऊ वर्षं दोघं एका डब्यातून खायचे. रात्री आम्ही त्याच्या घरच्या चौघांचं जेवण बांधून तिकडे गेलो.

* * *

आणि मग मॅच.

मी सकाळपासून देवाला काही मागत नव्हते. फक्त याची पाठ, याचं ब्लड प्रेशर आणि करीमची बोटं शाबूत राहू देत, एवढंच. सप्टेंबरची दमट हवा, मैदानाच्या कडेला उभं राहूनसुद्धा अंगातून पाणी. पण शिरीष झकास चालला होता! एकामागून एक स्नॅप, सगळे करीमच्या छातीशी.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. चेंडू आमच्याकडे. दोन यार्ड पुढे सरकलो की चेंडू आमच्याकडेच राहणार आणि वेळ संपणार. नाही सरकलो तर चेंडू त्यांना, आणि त्यांच्याकडे एक असा पळणारा होता की संपलंच. संधी एकच.

प्रत्येक वेळी खेळाडू घोळका करतात तेव्हा करीम एक आकडा सांगतो. तो आकडा म्हणजे कितव्या "हट"ला चेंडू सोडायचा. सगळे आपापल्या जागी आले. शिरीष वाकला.

"हट!" करीम ओरडला.

काही नाही.

"हट!"

काही नाही. शिरीष वाकलेला, दगडासारखा. लाइनवर सगळे तसेच. माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली. मनात आलं, पाठ धरली. मग मनात आलं, पाठ नाही, छाती! ईरा माझा दंड धरून म्हणाली, "आई, व्हाय इजन्ट ही मूव्हिंग?" मी फर्स्ट एडची पिशवी उचलून मैदानाच्या कडेने धावत सुटले.

"हट!"

आणि समोरच्या लाइनमधल्या दोघा धिप्पाडांना धीर धरवला नाही. त्यांनी उडी मारली आणि थेट आमच्या बाजूला येऊन पडले. शिट्टी! अंपायरने पिवळा रुमाल टाकला. चेंडू सुटण्याआधी रेषा ओलांडली म्हणून त्यांना दंड, आम्हाला पाच यार्ड फुकट. हवे होते दोन!

त्यानंतर दोन साधे स्नॅप, आणि खलास. जिंकलो.

कोच धावत आले. शिरीषचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत होते. "थर्टी इयर्स! तीस वर्षांत मी असा थंड डोक्याचा सेंटर पाहिला नाही! हे तुला कुणी शिकवलं?"

शिरीष म्हणाला, "एक्स्पीरियन्स, कोच."

मी पिशवी घेऊन तशीच उभी.

परत येताना संभाजीला बरवाला सोडायचं होतं, तो मागे ईराच्या शेजारी बसलेला. इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "खरं सांग, काय झालं होतं तुला?"

शिरीष म्हणाला, "काही नाही गं. आकडा विसरलो होतो. म्हटलं, आधी कुणीतरी हलेल, मग आपण सोडू."

मग मागून संभाजी पुढे वाकला.

"वहिनी, ह्ये त्या कोचला सांगू नका. फुडच्या शुक्रवारपासनं सायेबांनी हेच आमा सगळ्यांना शिकवायचंय!"