सुनंदाबाईची लेकरं आणि माझी

महिन्याची मीटिंग सेनगावला असते. आम्ही पाच-सहा अंगणवाडीसेविका एकाच जीपमधून जातो आणि सगळे किस्से त्या जीपमध्येच जमतात. माझ्या बहुतेक किश्शांत आपल्या स्कूटीवर वेगळी येणारी सुनंदाबाई असते, कारण वीस वर्षं मी तिच्यावर जळत आले आहे. एकाच गावात दोन अंगणवाड्या. तिची शाळेजवळ, तिथं मास्तरांची, दुकानदारांची, बागायतदारांची लेकरं. माझी गावाच्या टोकाला, तिथं मजुरांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची.

*

एकदा पर्यवेक्षिका मॅडम चित्रांची कार्डं घेऊन तपासणीला आल्या. फ्रिजचं चित्र दाखवल्यावर सुनंदाबाईच्या अंगणवाडीतली अन्वी म्हणाली, "फ्रिज. डबल डोअर."

तेच कार्ड माझ्याकडं कार्तिकला दाखवलं. त्यानं नीट निरखून पाहिलं.

"कपाट," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पण त्याच्यात भाजी काहून ठेवली?"

मॅडमनी लिहिलं, चित्र ओळखता येत नाही. कपाटच आहे ते, थंड असलं म्हणून काय झालं, असं मी पुष्कळ भांडले. मॅडमनी खोडलं नाही.

*

सुनंदाबाई शिकवते तरी काय, हे बघायला मी एकदा लसीकरणाच्या यादीचं निमित्त काढून तिच्याकडं गेले. आत न जाता खिडकीशी उभी राहिले.

बाई काहीच शिकवत नव्हती. खाली मान घालून मोबाईलमध्ये पोषण आहाराची माहिती भरत होती. लेकरं मात्र घरून आणलेली रंगीत पुस्तकं उघडून एकमेकांना गोष्ट सांगत होती.

मी इतकी खूश झाले, की यादी न देताच परतले. जीपमध्ये सगळ्यांना सांगितलं, की तिची लेकरं घरूनच शिकून येतात, ती नुसती बसते. सगळ्या हसल्या. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की माझ्या अंगणवाडीत घरून पुस्तक आणणारं एकही लेकरू नाही.

*

दिवाळी झाली की पायलचे आईबाप ऊस तोडायला कर्नाटकात जातात आणि पायलही जाते. होळीनंतर परत आली तेव्हा दिवाळीआधी शिकवलेलं सगळं विसरली होती. नेमक्या मॅडम आल्या. दहापर्यंत अंक म्हण म्हणाल्या.

पायलनं हात मागं बांधले आणि सुरू झाली, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." दहापर्यंत, एकदाही न अडखळता.

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला, सुलटून पाहिला. त्यात कानडीचा रकाना नव्हता.

पुढच्या मीटिंगला मी हे सुनंदाबाईला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, "माझ्या एकाबी लेकराला येत न्हाई गं." त्या दिवशी घरी येऊन मी चहात साखर जास्तीची टाकली.

*

यंदा गावात इंग्रजी शाळेची व्हॅन येऊ लागली आणि सुनंदाबाईची सात लेकरं वर्षाच्या मध्येच त्या व्हॅनमध्ये बसली. अन्वीही गेली. खरं सांगते, मला बरं वाटलं. ते बरं वाटणं तोंडावर दिसू न देता मी तिला भेटायला गेले.

ती ताटल्या मांडत होती. सवयीनं सात जास्तीच्या मांडल्या आणि मग एकेक उचलू लागली. मी म्हणाले, जाऊ द्या बाई, माझी तर दरसाल जातात.

"तुझी जातेत," ती खाली बघतच म्हणाली, "पण परत येतेत."

इतकी वर्षं तीही माझ्यावर जळत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मीही ताटल्या उचलू लागले.

*

आता अल्फियाचं सांगते. तिचे अब्बा टेलर. घरी सगळे दखनी उर्दू बोलतात, त्यामुळं माझ्याकडं आल्यापासून आठ महिने तिनं तोंड उघडलं नव्हतं. गाणं नाही, नाव नाही, पाणीसुद्धा खुणेनं मागायची. तिच्या प्रगतीच्या पानावर मी दर महिन्याला 'बोलत नाही' असं लिहीत गेले. शेवटी मॅडम खास तिलाच बघायला निघाल्या. त्यांची गाडी बंद पडली म्हणून सुनंदाबाईनं त्यांना आपल्या स्कूटीवर आणलं.

मी आत खिचडीचं झाकण काढत होते. बाहेरून माझाच आवाज आला. तसाच खणखणीत, पण बारका.

दारात येऊन बघते तर अल्फिया ओट्यावर उभी. खांद्यावर टॉवेलचा पदर, हातात पट्टी, समोर माझी सगळी लेकरं मांडी घालून बसलेली. मॅडम आणि सुनंदाबाई फाटकाशी थांबलेल्या. अल्फियाची पाठ त्यांच्याकडं होती.

"गप बसा," ती म्हणाली. "हात धुतले का? बोटं दाखवा." मग कंबरेवर हात ठेवून, अगदी माझ्यासारखी मान झटकून, "सुनंदाबाईच्या लेकरायला सगळं येतं, मंग तुमाला काहून येत न्हाई?"

माझ्या हातात खिचडीचं झाकण तसंच होतं.

मॅडम आत आल्या, बसल्या, रजिस्टरमधलं अल्फियाचं पान काढलं आणि पेन उघडून मला विचारलं, "आता इथं काय लिहू?"

सुनंदाबाईनं माझ्या हातातलं झाकण घेतलं, भांड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "लिहा मॅडम, सगळं बोलते."