मुठीतलं चोपण

"मूठ उघड."

पाटील बांधावर उभा. बाजूला खुर्चीत नागपूरहून आलेला सरकारी साहेब. वेचणी थांबली. वीसेक बाया माझ्याकडं पाहत राहिल्या. मी मूठ उघडेना, तसं पाटलानं मनगट धरून पिरगाळलं.

"सरकारी बियाचा कापूस हाय हा. घाटावरच्या बाया चोरट्याच."

मूठ उघडली. आत माती.

साहेब हसला. मग पाटील हसला. मग पाटलाचे गडी. "माती चोरते बे हे!" माझी माय खाली पाहत राहिली.

मी नवऱ्यानं टाकलेली, मायजवळ राहायची. घाटावर, अमडापूरकडं. तिथली जमीन मुरमाड, तीही लोकांची. ज्वारी यायची जेमतेम. कापूस पिकायचा घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत. दिवाळी झाली की आम्ही मायलेकी घाट उतरायचो, हिवाळाभर वेचायचो.

साहेबानं विचारलं, "माती कशाला घेतलीस?"

"एवढ्याच तुकड्यात कपाशी वाळून राह्यली, साहेब. म्हणून पाह्यली. हे चोपण हाय. भिजलं का साबणावानी निसरते, सुकलं का वर पांढरं फक्क. पाणी खाली जातच नाही. मुळी कुजते. बी कितीबी चांगलं टाका, इथं कापूस नाही येत. वरच्या अंगाले लावा. इथं ज्वारी टाका."

साहेबाचं हसू गेलं. वही काढली. लिहू लागला. मग मला चार वावरं फिरवलं. मी अनवाणी पुढं. टाच टेकली की मला कळायचं, खाली काय आहे. तो विचारत होता, मी सांगत होते. मनगटावर वळ होता आणि मी खूश होते. त्याचाच राग अजून जात नाही.

माघात साहेब परत आला. गाव चावडीत जमलं. आम्ही वेचणाऱ्या बाहेर, उन्हात. साहेबानं कागद वाचला. सगळं माझं बोलणं. साबण. पांढरं फक्क. टाचेनं माती कळते, तेसुद्धा. नाव पाटलाचं. त्याच्या बारीक नजरेचं कौतुक. त्याला फेटा बांधला.

मी साहेबाकडं पाहिलं. त्यानं मला ओळखलं. अन् कागदात डोळे घातले.

तेव्हा शिरलेला संशय निघालाच नाही. कुणी गोड बोललं की मी आधी बघते, ह्याला काय न्यायचंय.

पुढच्या साली पाटलानं नदीकाठची जमीन घेतली. पेरणीआधीच घाटावर निरोप धाडला. आम्ही गेलो. पाटील मला पहिल्यांदाच 'बाई' म्हणाला.

"पाहून सांग वं बाई. कापूस कुठवर लावू?"

मी वावर फिरले. अर्धं चोपण. टाचेला कळलं.

"सांगीन. आधी मागचा कागद साहेबाकडून दुरुस्त करून घ्या. माह्यं नाव टाका."

"तुयं नाव? वेचणारीचं?"

"हाव."

"डोकं फिरलं का तुयं? उद्यापासून वावरात पाय ठेवू नको."

माय त्याच्या पायाशी वाकायला लागली. मी तिचा दंड धरला, उभी केली. "चाल, माय."

त्या हिवाळ्यात घाटाखाली कुणीच काम दिलं नाही. सडकेवर खडी फोडली. माय माझ्याकडं पाठ करून फोडायची. पाटलाची अर्धी कपाशी वाळली असं ऐकलं. आनंद झाला नाही. तिथल्या बायांची वेचणीही अर्धीच झाली, आणि त्यांच्या पोटाला मी चिमटा घेतला हे मला ठाऊक आहे. तरी चोपण कुठवर ते मी सांगितलं नाही, ते बरोबरच केलं.

मग गावातल्या एका म्हाताऱ्याकडून मी लिहायला शिकले. फक्त माझं नाव. दुसरं अक्षर येत नाही.

अजून माणसं मातीचं विचारायला येतात. मी त्यांच्यापुढं हात करते. वही द्या. त्यात माझं नाव मी माझ्या हातानं लिहीन, मग तोंड उघडीन. वही देत नसाल तर आल्या वाटेनं जा.