माशीची बाजू

जिनपाल मगदूम माझा मित्र होता म्हणूनच सांगतो, त्याच्याइतका हट्टी माणूस मी चिकोडी तालुक्यात दुसरा पाहिला नाही. निपाणीच्या एका वखारीत तो तंबाखूचा पारखी होता. मूठभर चुरा नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि हा माल कुठल्या शिवारातला, खळ्यावर भिजला होता की नाही, सगळं बिनचूक सांगायचा. पण चिमूटभर तंबाखू त्यानं जन्मात तोंडात टाकली नाही. जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली की हा गडी एका पायावर उभा. मी कृष्णात कांबळे, गावच्या हायस्कुलात मास्तर. आमच्या आप्पांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यामुळे प्राणिहत्या करायची नाही हे मलाही लागू होतं. फक्त गोमाशीपुरती मी स्वतःला सवलत देऊन टाकली होती.

आता तुम्ही म्हणाल, गोमाशी कुठून आली? ती नदीवरून आली. आमच्या गावाजवळ वेदगंगेवर पूल झाला आणि नावाडी भावकू अंब्याचा माणसं पलीकडे न्यायचा धंदा बसला. त्याची नाव काठावर उलटी पडून होती. आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली, लांबडी आणि इतकी अरुंद, की दोन माणसं शेजारी बसायची सोय नाही. एकाच्या मागे एक असं वरातीतल्या पोरांसारखं बसायचं. जिनपालला ती नाव बघवेना. म्हणाला, "भावकूमामा, हिला पाण्यात घाला, आपण हिंडून येऊ." तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघायचो. वेदगंगेतून दूधगंगेत, जमलं तर पुढं कृष्णेपर्यंत. दोन-तीन मुक्काम काठावर, ताडपत्रीखाली. लोक आम्हाला येडे म्हणायचे, आणि त्यात फार चूक नव्हती.

पाऊस सरला की नदीकाठी म्हशी डुंबायला येतात, आणि म्हशींच्या मागे गोमाश्या. डासासारखी ही हळूच टोचत नाही. कातडीचा तुकडाच तोडते, आणि वर दिवसा, तुमच्या डोळ्यांदेखत.

पहिल्याच खेपेला, म्हणजे सत्तर साली, जिनपालनं बायकोला बरोबर घेतलं. तारामतीवैनी सदलग्याकडच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या. लग्नाला तिसरं वर्ष. दोन नद्या जिथं मिळतात तिथं पाण्याचे दोन रंग दिसतात, एक गढूळ, एक हिरवा, ते तिला दाखवायचं म्हणून हा आठ दिवस नुसता उतावीळ झाला होता. संगम जवळ आला आणि एक गोमाशी वैनींच्या डोळ्याखाली येऊन बसली. जिनपालनं हात उचलला. मी म्हटलं, आता हाणतोय. त्यानं काय करावं? खिशातून हातरुमाल काढला, त्याची नीट घडी घातली आणि माशीला वारा घालत म्हणाला, "जा गं बाई, जा, दुसरीकडं जा." बाईला काही घाई नव्हती. तिनं सावकाश आपलं काम उरकलं आणि मग गेली. वैनींचा डोळा बटाट्याएवढा सुजला. पाण्याचे दोन रंग सोडाच, त्यांना नदीसुद्धा एकाच डोळ्यानं दिसत होती.

दोन दिवसांनी भाऊबीज. वैनी तोच डोळा घेऊन माहेरी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे थोरले बंधू चंद्रप्पा दोन दांडग्या चुलतभावांना घेऊन दारात. "येन भावा, काय दाजी, बहिणीवर हात टाकलास व्हय?" जिनपाल म्हणतोय माशी चावली, चंद्रप्पा म्हणतोय अशी माशी आम्ही सदलग्यात पाहिली न्हाय. शेवटी मीच तिघांना नदीवर घेऊन गेलो. पाच मिनिटांत एक गोमाशी चंद्रप्पाच्या कानाच्या पाळीवर बसली आणि तिनं स्वतः साक्ष दिली. चंद्रप्पा कान धरून मुकाट्यानं गाडीत बसला.

पण वैनींचा राग सुजेबरोबर उतरला नाही. माझ्यासमोरच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मारा म्हटलं न्हाय मी. मी बी त्याच बस्तीत त्याच देवाच्या दर्शनाला जाती. पर ती माझ्या डोळ्याखाली बसलेली, आनि तुमी तिलाच विनवत बसलाय. एकदा तरी माझ्याकडनं व्हायचं. तुमी माशीची बाजू घेतलीसा. आता तुमच्या नावंत मी पाय ठेवायची न्हाय."

शहाण्या नवऱ्यानं यातून काय समजावं ते उघड आहे. 'चुकलं गं बाई' एवढं म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत गोष्ट मिटली असती. जिनपालनं मात्र ठरवलं की अडचण माशीची आहे. माशी हटली की तारा नावेत आली. तीही माशी न मारता हटली पाहिजे. हे त्यानं फक्त मला सांगितलं, वैनींना एका शब्दानं नाही. उपाय सापडल्यावरच सांगणार होता.

मग सुरू झाले नऊ वर्षांचे उपाय, आणि ते सगळे माझ्या अंगावर. एका साली नावेच्या तोंडाशी शेगडी ठेवून गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवला. नाव पुढे जाणार, म्हणजे धूर मागे, आमच्याच डोळ्यांत, हे तंबाखूची पारख करणाऱ्या डोक्यात आलं नाही. मागे वल्हं धरून बसलेल्या भावकूमामाला समोरचं काही दिसेना, आणि नाव थेट डुंबणाऱ्या म्हशींच्या कळपात शिरली. म्हशींवरच्या माश्यांनी जागा बदलली. एवढंच झालं.

पुढल्या एका साली मच्छरदाणी. चार काठ्या नावेला बांधून तिच्यात आम्ही तिघं नवरदेवासारखे बसलो. वारा सुटला, मच्छरदाणी फुगली आणि नाव आपल्या मर्जीनं पलीकडच्या घाटाला निघाली. तिथं पलीकडच्या गावातली सुलाबाई आणि तिच्या चार मैत्रिणी धुणं धूत होत्या. मच्छरदाणीतनं तीन बाप्ये येताना बघून त्यांनी जे तोंड सोडलं, ते निम्मं मराठीत आणि निम्मं कानडीत. दोन्ही भाषा मला येतात याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

मी दरवर्षी म्हणायचो, पुढल्या साली येणार नाही. आणि दिवाळी आली की पिशवी भरायचो. माझाही हट्ट काही कमी नसावा.

एकोणऐंशी साली हा वखारीतून थेट माझ्या वर्गात आला. पोरं गणितं सोडवत होती. "कृष्णात, वखारीत कधी माशी बघितलीयास?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"तंबाखू हाय म्हणून."

"मग!" असं म्हणून तो विजयी वीरासारखा निघून गेला.

त्यानं तंबाखूच्या देठांचा काढा केला आणि आमचे तिघांचे सदरे त्यात रात्रभर भिजत घालून वाळवले. निपाणीच्या आसपास ज्यानं पानं खुडली किंवा वखारीत चाळण धरली, त्याला तंबाखू लागते म्हणजे काय ते माहीत असतं. मळमळ, चक्कर, डोकं गरगरणं. नुसत्या हातांना ओला पाला लागला तरी ती लागते. वीस वर्षं वखारीत काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण काम करणाऱ्या बायकांना लागते ती तंबाखू वेगळी आणि आपल्या सदऱ्यातली वेगळी, असं त्याला का वाटलं, देव जाणे.

सकाळी निघालो आणि खरं सांगतो, तासभर एक माशी अंगावर बसली नाही. म्हशी जवळून गेल्या, माश्या आमच्यापाशी यायच्या आणि वळून जायच्या. जिनपाल नावेत उभाच राहिला. "कृष्णात, पुढच्या साली तारा हितं बसणार! माझ्या मागं!" भावकूमामा ओरडला, "आण्णा, खाली बसा, न्हायतर ह्याच साली बुडणार."

मग ऊन चढलं. घाम फुटला. घामानं सदरा ओला झाला आणि काढा अंगात मुरायला लागला. आधी माझे ओठ गार पडले. मग नदी थांबली आणि काठ फिरायला लागले. जिनपाल डाव्या अंगाला वाकला, मी उजव्या, त्यामुळे निदान नाव तरी सरळ राहिली. भावकूमामा वयाच्या दहाव्या वर्षापासून तंबाखू मळणारा. त्याला काय होणार! तो मजेत वल्हवत होता आणि मधूनच विचारत होता, "आजून हाय का पोटात कायतरी?"

त्यानंच आम्हाला काठावरच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि दरडावून विचारलं, "तंबाखू लागलीय. किती खाल्लीत?"

जिनपाल आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "खाल्ली न्हाय डॉक्टर. घातली."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी बैलगाडीतून घरी आलो. वैनींनी जिनपालला चटईवर निजवलं, त्याचं अंग पुसलं आणि सदरा झटकला. सदऱ्याच्या घडीतून तीन गोमाश्या खाली पडल्या. मेलेल्या. जिनपालनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "तीन जीव गेलं, कृष्णात. माझ्यामुळं गेलं."

मी दिवसभर ओकलो होतो. पोटात काही नव्हतं आणि डोक्यात फक्त राग होता. मी ओरडलो, "त्या माश्यांसाठी रड, आमी मेलो असतो तर? आनि वैनी, तुमी बी ऐका. हा नदीवर मजा मारायला जातो असं तुमाला वाटतंय न्हवं? नऊ वर्षं झाली, ह्यानं नदीकडं मान वर करून बघितलं न्हाय. माशी कशानं हटंल, एवढंच बघतोय. का, तर तुमी परत नावंत बसावं म्हणून!"

बोलून गेलो आणि वाटलं, जीभ आवरायला हवी होती. नवरा-बायकोच्या मध्ये मास्तरानं पडू नये.

वैनींच्या हातात अजून तो सदरा होता. "मला का न्हाय सांगितलंसा?" त्यांनी जिनपालला विचारलं.

"उपाय घावल्यावर सांगणार हुतो."

"आनि घावला नसता तर?"

जिनपालनं भिंतीकडे तोंड केलं. वैनी आत गेल्या, भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग आतूनच म्हणाल्या, "बरं वाटलं की मला सांगा. मी येती."

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. पुढे जिनपाल, त्याच्या मागे वैनी, मग मी आणि शेवटी भावकूमामा. जिनपालचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उतरलेला. नाव सुटण्याआधी तो वैनींना म्हणाला, "तारा, आधीच सांगतो. आज काय उपाय न्हाय. माश्या येणार."

"येऊ द्यात," वैनी म्हणाल्या.

मग त्यानं सदरा काढून ठेवला. तांब्यानं नदीचं पाणी घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर ओतलं. थोड्या वेळानं परत ओतलं. मी विचारलं, "काय चाललंय रं तुजं?"

"वल्ल्या अंगावर त्या आधी बसत्यात," तो मागे न बघता म्हणाला. "म्हशी बघून कळलं. माझ्यावर बसल्या की मागं जाणार न्हाईत."

आणि तसंच झालं. एक बसली, दुसरी बसली. बैलाच्या कातडीसारखी त्याची पाठ थरथरायची, पण हात उठत नव्हता. रुमालही नाही. वैनींच्या पदराकडे एकही माशी वळली नाही. मला राग यावा की रडू यावं ते समजेना. इतक्या वर्षांत त्याला सुचलेला हा सगळ्यात मूर्ख उपाय होता, आणि तोच लागू पडला होता.

संगम आला. "बघ तारा," तो म्हणाला, "ते बघ, पाण्याचं दोन रंग. मधली रेघ दिसली का?"

वैनी पाण्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्यासमोर ती पाठ होती, लाल चट्ट्यांनी भरलेली, आणि बरोबर मधोमध बसलेली एक गलेलठ्ठ गोमाशी. पर्युषणाचे दहाही दिवस उपास करणारी, चुलीतलं लाकूड आधी झटकून मग पेटवणारी ही बाई. तिनं हात उचलला आणि फाडकन हाणला.

आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. भावकूमामाचं वल्हं हवेतच राहिलं.

"मेली?" जिनपालनं विचारलं.

"मेली."

मग वैनीच म्हणाल्या, "मी मारली, मी भोगीन. उद्या उपास धरती."

"मी बी धरतो."

"तुमी कशाला? तुमी काय केलं?"

"पाठ माझी हुती," जिनपाल म्हणाला. "निम्मं पाप माझं."

वैनी हसल्या. त्यांना हसताना मी त्या नावेत पहिल्यांदाच पाहत होतो. मला हसूही आलं आणि डोळेही भरले, खोटं कशाला सांगू. हाणलेला हात वैनींनी अजून उचलला नव्हता, तो तसाच त्याच्या पाठीवर होता. भावकूमामानं ते बघितलं, वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि नाव पाण्याबरोबर आपोआप जाऊ दिली.