प्रश्न चौथा: घरात माणसं किती

टेम्पो दारात उभा होता आणि मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेल्या यादीवर खुणा करत होते. स्टोव्ह, पिंप, दोन गाद्या, पोळपाट, ज्वारीचं अर्धं पोतं, मुक्ताची झबली. एकूण सव्वीस वस्तू. पंचवीस टेम्पोत चढल्या. सव्विसाव्या ओळीत मी 'देव' असं लिहिलं होतं. नवीन घर मांडायचं तर देव लागणार, इतका साधा विचार.

अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, माझ्या खांद्यावरून यादी वाचत होत्या. त्या सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आत्याबाई, सुनंदा देव बी टेम्पोत घालूलालीय बगा."

सासूबाई हसल्या नाहीत. "देव थोरल्याच्या घरी राहतेत," त्या म्हणाल्या. "तुमी तिकडं पोट भरा. चंपाषष्ठीला इकडं या."

आमचे देव म्हणजे चांदीचे पाच टाक. आगपेटीहून लहान पत्रे, त्यावर उठवलेल्या मूर्ती, मधोमध खंडोबा. चंपाषष्ठीला त्यांच्यापुढे बाजरीच्या पिठाचे दिवे लागतात, आमच्या घरात माणशी एक. विझल्यावर ज्याचा त्याने आपला दिवा तूप-गुळाबरोबर खायचा. बाकी कुळाचार मोठा नाही. मी 'देव' या शब्दावर काट मारली आणि टेम्पोत बसले. मुक्ता मांडीवर होती. लातूर सोडल्यावर तिने एकदा दूध प्यायलं आणि थेट चिंचवडला डोळे उघडले.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. तुमच्यापैकी जे इकडे आले त्यांना पुढचं सांगायला नको. चिंचवड गावठाणात एक खोली, यांना चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला नोकरी, आठवड्याला बदलणारी शिफ्ट. 'काय करूलालीस' म्हटलं की शेजारीण तोंडाकडे बघायची, म्हणून महिन्याभरात मी 'काय करतेस' म्हणायला लागले. खोलीच्या कोनाड्यात खंडोबाचं कॅलेंडर कापून लावलं. पुढे निगडीला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने स्वयंपाकघरात देवघराची संगमरवरी फळी आधीच बसवून दिली होती. तिच्यावर मी डाळींचे डबे ठेवले. जागा रिकामी कशाला ठेवायची?

मुक्ता शाळेत जायला लागल्यावर मीही चाकणला नोकरी धरली, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. तिथे अठरा वर्षांत एकच गोष्ट अंगात मुरली. रजिस्टर काहीही म्हणो, रॅकवर दिसेल तेवढाच माल लिहायचा. 'येणार आहे', 'दुसऱ्या प्लांटला आहे', 'आपलाच आहे' असला माल मोजायचा नाही. आणि खाडाखोड केली की शेजारी सही करायची. माझा स्टॉक कधी चुकला नाही.

गावाकडे मात्र याच सवयीने घोटाळा केला. सासूबाई गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे बसलेले असताना मी वही काढली आणि सुचवलं की देव आता आळीपाळीने ठेवावेत, एक वर्ष गावाकडे, एक वर्ष निगडीला. मी तसा तक्तासुद्धा आखला होता. मला वाटलं, सगळ्यांची सोय होईल.

अक्कांनी तक्ता बघितला. "देव काय स्टोअरमधला माल हाय व्हय गं? ह्या वर्षी ह्या रॅकला, पुढल्या वर्षी त्या रॅकला?"

सगळे हसले. माझे थोरले दीर हसले, पुतण्या हसला, आमचे हेही खाली बघून हसले. मी वही मिटली आणि त्याच दुपारी बसस्टँड गाठला. त्यानंतर दोन चंपाषष्ठ्या आम्ही गेलो नाही. अक्कांचा फोन नाही, माझाही नाही. यांनी एकदा विचारलं, "जायचं का?" मी म्हटलं, "तुम्ही जा." ते गेले नाहीत आणि पुन्हा त्यांनी विषयही काढला नाही.

मागच्या वर्षी कारखान्याने स्टोअरचं काम ठेकेदाराला दिलं आणि मी मोकळी झाले. ओळखीतून एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाचं काम मिळालं. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे. विषय होता धर्म, कुटुंब आणि मनाचं स्वास्थ्य. संशोधन करणाऱ्या रेवती मॅडम वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "देवधर्म चांगला की वाईट, हे आपण ठरवत नाही. माणसाला आधार कुठून वाटतो, एवढंच विचारायचं. समोरचं माणूस सांगेल ते लिहायचं, आपलं डोकं घालायचं नाही." फॉर्मात चौतीस प्रश्न. सरावासाठी आम्ही सहाजणींनी आपापला एक फॉर्म भरला. माझा सर्वात आधी झाला.

चौथा प्रश्न होता, तुमच्या घरात माणसं किती, आणि खाली नाती लिहायला ओळी. मला तो सोपा वाटला, पण लोक चुकायला लागले. कासारवाडीच्या एका खोलीत दोन भाऊ राहत होते, ते म्हणाले सात. सांगवीतल्या नर्सबाई एकट्या, म्हणाल्या पाच. चाकणला नसीमा भाभी भेटल्या. मूळच्या उदगीरच्या, नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज, वरच्या खोलीत बिऱ्हाड. त्या म्हणाल्या अकरा. मी खोलीभर नजर फिरवली. दोन मुलं, एक पलंग, चार ताटं.

"भाभी, इथे राहणारी सांगा."

"ताई, सोते चार हैं. घर के तो अकरा हैं ना. अम्मी, अब्बा, दोन दीर, त्यांच्या बायका, एक नणंद."

मी म्हटलं, "मला इथलीच हवीत." अकरावर काट मारली, चार लिहिले, शेजारी सही केली. त्या माझ्या पेनाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमची मर्जी." अशा सह्या मी बेचाळीस फॉर्मांवर केल्या.

महिन्याने मॅडमनी बोलावून घेतलं. टेबलावर माझे फॉर्म नीट रचलेले. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त अवघड गेलं.

"सुनंदाताई, ही चाकणची बाई बघा. चौथ्या प्रश्नाला चार माणसं. अकराव्याला आपण विचारतो, मनातलं कोणाजवळ बोलता. ती सांगते, रोज सासूजवळ. ही सासू आली कुठून? तुमच्या चारात ती नाही."

"ती उदगीरला असते, मॅडम."

"असू दे की. तिने घरात धरली होती. तुम्ही काढली." त्यांनी फॉर्म उलटे करून एकेक सही दाखवली. "आता हे सगळे कागद काय सांगतात? लोकांना आधार आहे, पण माणसं नाहीत. मी यातून काय शोधू?"

रॅकवर दिसेल तेवढंच, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एका फाइलमधून माझा स्वतःचा सरावाचा फॉर्म काढून समोर ठेवला. चौथा प्रश्न, उत्तर दोन. मी आणि हे.

"तुम्हाला मुलगी आहे ना? नागपूरला नोकरी करते म्हणाला होतात."

मी त्या दोनच्या आकड्याकडे बघत राहिले. अकराव्या प्रश्नाला मी लिहिलं होतं, 'गरज पडत नाही.' अक्षर नेहमीसारखंच चांगलं होतं.

मॅडमनी दोन पर्याय दिले. बेचाळीस फॉर्म बाद करायचे आणि माझं काम तिथेच थांबवायचं, किंवा मी पुन्हा त्या घरांमध्ये जायचं आणि ती बाकीची माणसं लिहून आणायची. मी दुसरा घेतला. घरी येऊन वस्त्यांप्रमाणे यादी केली, बसचे नंबर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी निघाले. चुकीची दुरुस्ती करायची एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दारात उभं राहून काय म्हणायचं, ते मात्र यादीत नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच म्हणत गेले, "मागच्या वेळी मी तुमची माणसं कमी लिहिली." कोणी दार लावलं नाही. सांगवीच्या नर्सबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, मला ते लागलं होतं."

चाकणचा चौक ओलांडायलाच अर्धा तास गेला. नसीमा भाभींनी चहा टाकला आणि मुलाला म्हणाल्या, "ताई गिनती ठीक करायला आल्या बघ." मी सात नाती लिहिली. मग न विचारताच त्यांनी रमजानचं सांगितलं. उदगीरला सूर्य चाकणच्या आधी मावळतो, दहा-बारा मिनिटं. त्यामुळे सासूचा रोजा आधी सुटतो. ती खजूर तोंडात टाकते आणि फोन लावते, आणि भाभींची वेळ होईपर्यंत बोलत बसते. "अम्मी म्हणते, तू भूखी बसली आणि मी खाऊन गप्प बसू काय? ती दहा मिनिटं, ताई, सगळं त्यातच बोलून होतं. नवऱ्याची तक्रार पण."

फॉर्मात त्या दहा मिनिटांना रकाना नव्हता. मी ती मागच्या बाजूला लिहून घेतली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी वहीत उरलेल्या घरांची यादी करत होते. तारखा बघताना लक्षात आलं, दोन दिवसांवर चंपाषष्ठी. मी निगडीला उतरले, डेपोजवळच्या कट्ट्यावर बसले आणि अक्कांना फोन लावला. काय बोलायचं ते मुद्दे लिहून घ्यावेत असं वाटत होतं, पण तेवढ्यात फोन उचलला गेला.

"अक्का, सुनंदा बोलते."

"नाव दिसतंय फोनवर. गुडघा कसा हाय?"

माझा गुडघा पावसाळ्यात सुजला होता. ते यांना आणि मुक्ताला सोडून कोणाला माहीत नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भावजींचा फोन असतो की दर सोमवारी, चहाच्या सुट्टीत. तुला सांगत न्हाईत व्हय?" अक्का हसल्या. "मुक्तीची नोकरी, तुझं फॉर्माचं काम, समदं ठावं हाय मला. तू तेवढी बोलूलाली न्हाईस."

म्हणजे दोन वर्षं आमच्या घरातलं एक माणूस दर सोमवारी कॅन्टीनच्या मागे उभं राहून मन मोकळं करत होतं, आणि मी त्याच्याच ताटात रोज पोळी वाढत होते. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी जे तोडलं असं समजत होते ते माझ्या नकळत कोणीतरी धरून ठेवलं होतं.

"अक्का, परवा दिवे किती करणार?"

"किती म्हंजे? आठ."

मी बोटं मोजली. थोरले दीर, अक्का, पुतण्या, सूनबाई, त्यांचं बाळ. पाच.

"आणि गेल्या वर्षी?"

"बाळ नव्हतं, तवा सात."

"आम्ही नव्हतो आलो, अक्का."

"मग? तुमचे तीन कवा कमी केले व्हते? भांडण तुझ्याशी हाय बाई, दिव्याशी न्हाई. तुमचे आमीच खाल्ले, तूप जरा जास्त लागलं."

मी म्हटलं, "तक्त्याचं चुकलं माझं."

"चुकलंच," अक्का म्हणाल्या. "पण मी बी चारचौघांत हसायला नको व्हतं." मग लगेच, "येनं जमलं न्हाई तर दिवे तितंच कर. पीठ जुनं घेऊ नको, कडू लागतं."

यांना रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून त्या वर्षी जाणं झालं नाही. चंपाषष्ठीला सकाळी मी संगमरवरी फळीवरचे डाळींचे डबे खाली उतरवले आणि फळी पुसली. टाक तिथे नाहीत आणि आता मी मागणारही नाही, ते थोरल्या घरी बरे आहेत. संध्याकाळी बाजरीचं पीठ गरम पाण्यात मळलं. बाजरीला चिकटपणा नाही, काठाला भेगा पडतात, पहिले दोन दिवे मोडून पुन्हा वळावे लागले.

पहिली शिफ्ट करून हे आले, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. फळीवरच्या दिव्यांवरून त्यांची नजर दोनदा फिरली. मी त्यांना फोनचं काही सांगितलं नव्हतं.

"आठ?" ते म्हणाले.

"मोजून केलेत," मी म्हटलं. "वाती घाला."

त्यांनी टॉवेलला हात पुसले आणि थोरल्या भावाच्या दिव्यापासून सुरुवात केली.